अमेरिकेला निघताय? स्कॉलरशिपवरच्या कराची तयारी आधी

सगळ्यात आधी ऑफर लेटर नीट वाचा आणि रकमेची फोड करून घ्या: किती ट्यूशनला, किती राहण्या-जेवणाला. आपल्याकडे 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(16) मुळे शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असायची, त्यामुळे हा प्रश्न घरात कुणाला पडतच नाही. अमेरिकेत मात्र 1986 च्या कायद्यापासून कुठल्याही पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सूट फक्त ट्यूशन, फी आणि अभ्यासक्रमात सक्तीची पुस्तकं-साहित्य एवढ्यालाच. खोलीभाडं, मेस, विमानाचं तिकीट यांवर गेलेली स्कॉलरशिप म्हणजे उत्पन्न.

म्हणून ऑगस्टपासूनच एक फोल्डर उघडा. त्यात फीच्या पावत्या, पुस्तकांची बिलं आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस ठेवा. सिलॅबस कशाला? पुस्तक किंवा लॅपटॉप सगळ्यांना सक्तीचा होता, हे त्यातूनच दाखवता येतं. हौसेने घेतलेलं यात धरत नाहीत. शिवाय हिशेब जानेवारी ते डिसेंबर मांडायचा. शैक्षणिक वर्ष दोन करवर्षांत विभागलं जातं आणि घोळ नेमका तिथेच होतो.

एक उदाहरण धरू. वर्षभरात स्कॉलरशिप 36,000 डॉलर, ट्यूशन 30,000, सक्तीची पुस्तकं 1,000. उरलेले 5,000 करपात्र. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्यावर 14 टक्के, म्हणजे 700 डॉलर, आधीच कापले जातात, किंवा तेवढी रक्कम फीच्या खात्यावर येणं म्हणून चढते. पहिल्या सेमिस्टरला तेवढे पैसे हाताशी ठेवा. आता आनंदाची बाब: भारत-अमेरिका करविषयक करारातल्या कलम 21 मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. 2025 साठी एकट्या व्यक्तीला ते 15,750 डॉलर आहे. दुसरं उत्पन्न नसेल तर कर शून्य आणि 700 परत. रिटर्न भरलं तरच, अर्थात.

टीए-आरएचा (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचा) पगार वेगळा, तो डब्ल्यू-2 या पगाराच्या वार्षिक फॉर्मवर येतो. त्यातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (तिथल्या निवृत्ती आणि आरोग्य योजनांचे) 7.65 टक्के कापलेले दिसले तर पेरोलला, म्हणजे पगार विभागाला, लगेच विचारा. नॉनरेसिडेंट (करासाठी अमेरिकेचा रहिवासी न धरलेल्या) विद्यार्थ्याला कॅम्पसवरच्या कामासाठी ते लागू नाहीत. भारतातल्या ट्रस्टची शिष्यवृत्ती नॉनरेसिडेंटसाठी अमेरिकेतलं उत्पन्न ठरत नाही, पण पत्र जपून ठेवा.

मार्चमध्ये 1042-एस, म्हणजे स्कॉलरशिप आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, आला का ते बघा. स्कॉलरशिप त्यात उत्पन्न-कोड 16 खाली असते. रिटर्न 1040-एनआर या नॉनरेसिडेंटच्या फॉर्मवरच भरा. अमेरिकन रूममेटचं सॉफ्टवेअर साधा 1040 भरून मोकळं होतं, त्याच्या नादी लागू नका. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेचा सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर डब्ल्यू-7 फॉर्म भरून आयटीआयएन, म्हणजे करापुरता क्रमांक, मागवावा लागतो. पगार असेल तर रिटर्नची मुदत 15 एप्रिल. एक डॉलरही कमावला नसेल, तरी फॉर्म 8843 (नॉनरेसिडेंट विद्यार्थ्याने आपल्या मुक्कामाची माहिती देण्याचा) सही करून 15 जूनच्या आत टपालाने पाठवा.