खाद्यव्यवसायाची तपासणी: तयारी, प्रत्यक्ष भेट आणि अहवालानंतरची कामे

अन्नसुरक्षा अधिकारी बहुतेक ठिकाणी पूर्वसूचना न देता येतात आणि ते योग्यच आहे, कारण ग्राहक जे अन्न खातो ते रोजच्या स्वयंपाकघरात तयार होते आणि अधिकाऱ्याला तेच स्वयंपाकघर पाहायचे असते. त्यामुळे तपासणीची खरी तयारी रोजच्या कामाच्या पद्धतीतच व्हावी लागते.

पहिले काम म्हणजे आपल्याला लागू असलेले नियम लेखी स्वरूपात मिळवणे. जगातील बऱ्याच देशांचे अन्नविषयक कायदे कोडेक्स आलिमेंटेरियस आयोगाच्या मार्गदर्शनावर आधारलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 1963 मध्ये उभारलेल्या या आयोगाने अन्नस्वच्छतेची सर्वसाधारण तत्त्वे 1969 मध्ये स्वीकारली आणि 2020 मध्ये त्यांची मोठी फेररचना केली. पाया समान असला तरी स्थानिक नियमांत फरक असतातच. गरम अन्न कुठे 60, कुठे 63, तर कुठे 57 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे लागते. थंड अन्नाची मर्यादा कुठे 5 अंश, तर कुठे 8 अंश असते. परवाना कोण देतो, पाण्याची चाचणी किती दिवसांनी करावी लागते, कामगारांचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते का, हेही ठिकाणानुसार बदलते. म्हणून शेजारच्या व्यावसायिकाच्या सांगण्यावर विसंबून न राहता परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून नियमांची प्रत आणि अधिकारी तपासणीच्या वेळी जो तक्ता भरतात त्याचा नमुना मागून घ्यावा. हा तक्ता हाती धरून, कच्चा माल जिथे उतरतो तिथपासून तयार अन्न जिथून बाहेर पडते तिथपर्यंत स्वतः चालत जावे आणि प्रत्येक मुद्दा आपल्या जागेत कसा पाळला जातो ते लिहून काढावे.

या सगळ्यात तापमानाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणूंची वाढ वेगाने होते आणि अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अन्न शिजवताना त्याच्या गाभ्याचे तापमान निदान 70 अंशांपर्यंत जावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि ते केवळ वाफेवरून किंवा रंगावरून कळत नाही. अन्नात खुपसण्याचा तापमापकच वापरावा लागतो. हा तापमापक बरोबर आहे की नाही हेही पाहावे. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात त्याने 0 अंश दाखवायला हवेत, आणि समुद्रसपाटीजवळच्या गावी उकळत्या पाण्यात 100.

अन्न शिजवण्याची काळजी बहुतेक जण घेतात. चूक होते ती शिजलेले अन्न थंड करताना, म्हणून या टप्प्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे जिवाणू बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तगणारी सुप्त रूपे, तयार करतात आणि हे बीजाणू नेहमीच्या शिजवण्यातून तगून राहतात. भाताचे किंवा मांसाचे मोठे पातेले झाकून ओट्यावर ठेवले, तर त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, बीजाणू जागे होतात आणि वाढू लागतात. बॅसिलस सेरियसचे उलटी घडवणारे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजेच असे अन्न पुन्हा खळखळून उकळले तरी ते सुरक्षित होत नाही. प्रचलित नियमानुसार गरम अन्न पहिल्या 2 तासांत 21 अंशांपर्यंत आणि त्यानंतरच्या 4 तासांत 5 अंशांपर्यंत खाली यायला हवे. त्यासाठी ते सुमारे 5 सेंटिमीटर खोलीच्या पसरट भांड्यांत काढावे, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे, आणि निवेपर्यंत घट्ट झाकण लावू नये. मोठे गरम पातेले थेट शीतकपाटात ठेवल्यास अन्न तर लवकर निवत नाहीच, शिवाय शेजारचे पदार्थही कोमट होतात.

कच्चे मांस व मासे शीतकपाटात सर्वांत खाली आणि तयार अन्न वर ठेवावे. त्यांच्या सुऱ्या व फळ्या वेगळ्या असाव्यात. ॲलर्जी असलेल्या ग्राहकाने विचारल्यावर कामगाराला अंदाजाने उत्तर द्यावे लागू नये, म्हणून प्रत्येक पदार्थातील घटकांची लेखी यादी हाताशी ठेवावी. पृष्ठभाग आधी धुऊन मगच जंतुनाशक लावावे, कारण खरकटे शिल्लक असेल तर जंतुनाशकातील क्लोरीन त्यातच खर्ची पडते.

हात धुण्याचे बेसिन केवळ हात धुण्यासाठीच असावे. त्यात भांडी साठली असतील किंवा साबण संपला असेल, तर तिथे कोणी हात धूत नाही हे अधिकाऱ्याला न विचारताच कळते. उलट्या किंवा जुलाब झालेल्या कामगाराला लक्षणे थांबल्यानंतर निदान 48 तास अन्नाजवळ येऊ देऊ नये, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचा संसर्ग बरे वाटू लागल्यावरही पसरत राहतो. आजारी कामगाराची त्या दिवसांची मजुरी कापली, तर तो आजार लपवून कामावर येईल, हे मालकाने ओळखावे. ही बाब सहसा तक्त्यात नसते, तरी ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी ती फार मोलाची आहे.

तापमानासारख्या रोजच्या नोंदींच्या बाबतीत पुष्कळांची समजूत अशी असते की वही भरलेली दिसली म्हणजे झाले. पण या नोंदींमागे एक विचार आहे. 1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनी, नासा आणि लष्कराची प्रयोगशाळा यांनी जी पद्धत विकसित केली, ती आज हॅसप (HACCP) या नावाने ओळखली जाते. केवळ तयार मालाच्या चाचणीवर विसंबायचे, तर खात्रीसाठी त्यातला बराचसा माल चाचणीतच संपला असता. म्हणून धोका कोणत्या टप्प्यावर निर्माण होतो ते आधी शोधायचे, तिथे मर्यादा ठरवायची, मोजायचे, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास काय करायचे तेही आधीच ठरवायचे, असा मार्ग निघाला. वहीतील नोंदी याच विचाराच्या असतात. महिनाभर रोज 4 अंश, एकाच पेनाने आणि एकाच हस्ताक्षरात लिहिलेले पान संशय निर्माण करते. याउलट ‘शीतकपाट 9 अंश, दाराचे रबर फाटले होते, माल दुसरीकडे हलवला, किती वेळ गेला ते न कळल्याने दूध टाकून दिले’ अशी नोंद पाहून अधिकाऱ्याला विश्वास वाटतो. माल कोणाकडून आला आणि, किरकोळ ग्राहक वगळता, कोणाला गेला हे दाखवणारी बिले तारखेनुसार लावून ठेवावीत. एखादा माल परत मागवण्याची वेळ आल्यास तीच उपयोगी पडतात.

अधिकारी आल्यावर त्यांचे ओळखपत्र पाहावे, स्वच्छ टोपी व अंगरखा द्यावा, आणि माहितगार माणसाने शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहावे. त्यांच्या देखत घाईने वस्तू हलवणे किंवा टाकून देणे टाळावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यास तसे सांगून संबंधित कामगाराला बोलवावे. अन्नाचा नमुना घेतला गेल्यास तो आपल्यासमोर सीलबंद झाला का ते पाहावे, पावती घ्यावी, आणि नमुन्याचा एखादा भाग स्वतंत्र तपासणीसाठी मागता येतो का, हे स्थानिक नियमांत आधीच वाचून ठेवावे. जाण्यापूर्वी प्रत्येक त्रुटीमागचा नियम आणि दुरुस्तीची मुदत विचारून लिहून घ्यावी.

अहवाल हाती आल्यावर ज्या त्रुटींमुळे कोणी लगेच आजारी पडू शकते, त्या त्याच दिवशी दूर कराव्यात. फुटलेली फरशी किंवा उडालेला रंग यांना मुदतीत हात घालता येतो. प्रत्येक त्रुटीचे कारणही शोधावे, कारण शीतकपाट दुरुस्त करूनही त्यात रोज गरम पातेली ठेवली जात असतील, तर तीच त्रुटी पुढच्या अहवालात पुन्हा दिसेल. एखादा निष्कर्ष चुकीचा वाटल्यास अपिलाची मुदत संपण्यापूर्वी पुराव्यासह लेखी म्हणणे मांडावे. दुरुस्तीची छायाचित्रे, कारागिराचे बिल आणि त्यानंतरच्या तापमानाच्या नोंदी एकत्र जोडून त्या कार्यालयाला मुदतीआधी द्याव्यात, पोच घ्यावी, आणि फेरतपासणीसाठी लेखी विनंती करावी.