ब्रांकुशीचा पक्षी अभ्यासताना

आकार साधा म्हणजे काम सोपं, असं धरून नवशिके थेट गुळगुळीत लंबगोल घडवायला बसतात आणि हाती साबणाची वडी येते. रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीचा अभ्यास मागून पुढे करावा. आधी 1910च्या सुमारास सुरू झालेली 'मायास्त्रा' बघा. रुमानियन लोककथेतला हा जादूचा पक्षी. त्याला चोच आहे, फुगलेली छाती आहे, पाय आहेत. मग 1923पासूनचा 'अवकाशातील पक्षी'. दोघांच्या बाह्यरेषा सारख्याच उंचीच्या काढा, आठ समान आडवे भाग पाडा आणि प्रत्येक रेघेवरची रुंदी लिहून काढा. काय गळलं आणि कशात मुरलं, ते आकडेच सांगतात.

अध्यात्माबद्दल लिहिताना सनावळी सांभाळा. ब्रांकुशी तिबेटी साधू मिलारेपाचं चरित्र उशाशी ठेवायचा हे खरं, पण त्याचा फ्रेंच अनुवाद आला 1925मध्ये. पक्षी त्याआधीच सडपातळ झाला होता. म्हणजे पुस्तकातून आकार निघाला नाही. हाताने शोधलेल्याला तिथे दुजोरा मिळाला. ओल्टेनिया या त्याच्या रुमानियातल्या जन्मप्रदेशातले कोरीव लाकडी खांब मात्र लहानपणापासून डोळ्यांसमोर होते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तीन पक्षी घेतले आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं. त्यासाठी ब्रांकुशी 1938च्या सुरुवातीला इंदुरात होता, पण मंदिर झालं नाही. त्यांतले काळा आणि पांढरा हे दोन संगमरवरी पक्षी आज कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

सरावाला प्लास्टरचा 45 सेंमी उंच ठोकळा पुरे. चारही बाजूंना मध्यरेषा मारा. चौकोनाचा अष्टकोन करा, गोलाई त्यानंतर. कडा आधीच मारल्या की मध्यरेषा हरवते आणि पक्षी पिळवटतो. तळाजवळची, पक्षी जिथे निमुळता होतो ती बारीक मान सगळ्यात शेवटी. आधी कोरलीत तर वरच्या ठोक्यांनी तुटणारच. पॉलिश पेपर 120, 220, 400, 600 या क्रमाने, दर वेळी आधीच्या घासणीला आडवा. एक नंबर गाळला की ओरखडे झिलईखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात. पितळी प्रतीवर तर ओतकामातलं टाचणीएवढं भोकही डोळ्यात खुपतं. तपासायला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब अंगावरून सरकवा. रेघ थरथरली तिथे खड्डा आहे. माथ्यावरचा तिरका छेद यंत्राने घासू नका, त्याची धार बोथट होते आणि उड्डाण तिथेच संपतं.

बैठक विकत आणू नका. ब्रांकुशी ती स्वतः घडवायचा. खडबडीत लाकूड किंवा चुनखडक घ्या आणि उंची दोन-तीनदा बदलून बघा.