कॅम्ब्रियन थरांचं वय ठरवायचं आणि जुळवायचं कसं: स्पिती आणि मसुरी

रंग आणि पोत बघून थर जुळवायला जाऊ नका. समुद्र जमिनीवर चढत गेला की किनाऱ्याची वाळूही त्याच्याबरोबर सरकत जाते. त्यामुळे एकसारखा दिसणारा वाळूखडक एका ठिकाणी दुसऱ्या ठिकाणापेक्षा लाखो वर्षांनी जुना निघतो. स्पितीतला पाराहिओ गट आणि मसुरीच्या पट्ट्यातला टाल गट हे दोन्ही थरांचे समूह कॅम्ब्रियन काळातले, म्हणजे साधारण पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, पण कोणता थर कोणत्या थराशी जुळतो हे दगडाचं नुसतं रूप सांगत नाही.

सुरुवात मोजणीपासून. दीड मीटरची काठी आणि क्लिनोमीटर (थराचा कल मोजायचं साधन) घेऊन थरांना काटकोनात जाडी मोजा आणि प्रत्येक नमुन्यावर पायापासूनचे मीटर लिहा. नुसत्या जीपीएसच्या उंचीवर विसंबू नका, तिची चूक काही मीटरची असते आणि थराचा कलही तिला कळत नाही. हिमालयात घड्या आणि भ्रंश यांमुळे तोच थर पुन्हा वर येतो किंवा उलटा होतो. म्हणून लहरींच्या खुणा आणि तिरकी स्तररचना बघून थराची वरची बाजू दर काही मीटरवर तपासा.

मग जीवाश्म. घसरून खाली आलेल्या दगडातला ट्रायलोबाइट (कवच असलेला, आता नामशेष झालेला समुद्री जीव) कितीही सुंदर असला, तरी त्याच्यावर वय ठरवू नका. जागच्या जागी असलेल्या थरातलाच घ्या आणि फरशीवर दिशेचा बाण काढा. हा बाण फार महत्त्वाचा आहे. इथले थर दाबाने ताणले गेले आहेत, त्यामुळे एकाच जातीचं शीर्षकवच एका दिशेत लांबट दिसतं आणि दुसऱ्या दिशेत रुंद. एकाच फरशीवरचे वेगवेगळ्या दिशांचे निदान दहा नमुने मोजल्याशिवाय नवी जात जाहीर करणं धोक्याचं आहे.

ओरिक्टोसेफॅलस इंडिकस ही ट्रायलोबाइटची जात इथली सर्वांत मोलाची खूण. १९१० साली जीवाश्मतज्ज्ञ रीड यांनी स्पितीच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. २०१८ साली तिच्याच पहिल्या आगमनावर चीनमधल्या ग्वेइझोऊत कॅम्ब्रियनमधल्या वुलियुअन टप्प्याचा, म्हणजेच त्यापासून सुरू होणाऱ्या, अनेक टप्प्यांच्या मियाओलिंगियन विभागाचा, पाया ठरला. पण स्पितीत ती जिथे पहिल्यांदा सापडते, तिथेच वुलियुअन सुरू झाला असं समजू नका. खालच्या वाळूत ती राहतच नसेल किंवा टिकली नसेल. तो थर त्या पायाहून जुना नाही, एवढंच म्हणता येतं.

टालच्या तळाशी, मालदेवता आणि दुर्माला इथल्या फॉस्फोराइटमध्ये (फॉस्फेटयुक्त खडकात), ट्रायलोबाइट मिळत नाहीत. तिथे सूक्ष्म कवचं शोधावी लागतात. चुनखडी आणि फॉस्फेट मिसळलेला एक-दोन किलो खडक दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून ५ ते १० टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये ठेवा. आधीचं वापरलेलं द्रावण थोडं मिसळलंत तर ॲसिड कवचं खात नाही. उरलेला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलंत, तर फॉस्फेटची कवचंही विरघळतील.

कार्बनच्या समस्थानिकांसाठी शिरा टाळून बारीक ड्रिलने भुकटी घ्या. ऑक्सिजन-१८चं प्रमाण मानक नमुन्याच्या तुलनेत उणे १० प्रति हजारच्या खाली असेल किंवा मॅंगनीज-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर १० च्या वर असेल, तर तो बिंदू संशयास्पद धरा. थरागणिक कार्बनची मूल्यं मांडून मिळणाऱ्या वक्राचा आकार स्वतः वय सांगत नाही. उंचवटे बरेच असतात, त्यामुळे आधी जीवाश्मांनी चौकट घाला आणि मग वक्र बसवा. पाइबियनच्या (मियाओलिंगियननंतरच्या टप्प्याच्या) आरंभाचा मोठा धन उंचवटा स्पितीत शोधण्यात वेळ घालवू नका: तिथे कलत्या कॅम्ब्रियन थरांवर ऑर्डोव्हिशियनचा (कॅम्ब्रियननंतरच्या काळाचा) थांगो गट येऊन बसला आहे आणि वरचा भाग झिजून गेला आहे. पाराहिओच्या वरचे कर्षा आणि कुर्ग्याख हे गट झंस्कारमध्ये टिकले आहेत.

झिरकॉन या खनिजाच्या कणांची वाळूखडकातली वयं फक्त कमाल मर्यादा देतात: थर सर्वांत तरुण कणाहून जुना नसतो, पण तरुण मात्र कितीही असू शकतो. ५ टक्क्यांचा एखादा गटही निसटू नये याची ९५ टक्के खात्री हवी, तर ११७ कण मोजा. एकट्या तरुण कणावर विश्वास ठेवू नका, कारण कणातल्या युरेनियमपासून बनलेलं शिसं निसटलं की वय खोटं तरुण येतं. २ सिग्मात (मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत) जुळणारे निदान तीन कण हवेत. लेझर पद्धतीची चूक १ ते २ टक्के, म्हणजे ५१ कोटी वर्षांवर ५० लाख ते १ कोटी. मियाओलिंगियनमधला एकेक अख्खा टप्पाच ५० लाखांहून छोटा असतो. ज्वालामुखीच्या राखेचा फिकट, मातकट थर मिळाला तर सोडू नका. त्यातले कण ९०० अंश सेल्सिअसला तापवून, हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खराब भाग काढून आणि विरघळवून मोजले, तर चूक ०.१ टक्क्यापर्यंत येते.

टालच्या काळ्या शेलचं (चिखलापासून बनलेल्या खडकाचं) रेनियम-ऑस्मियम पद्धतीने काढलेलं वय ५३.५ कोटी, अधिक-उणे १.१ कोटी आलं आहे. कॅम्ब्रियनचा पाया ५३.८८ कोटींवर. म्हणजे हा आकडा पायाच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि निर्णय सूक्ष्म कवचांवरच येतो. जुने लेख वाचताना पाया ५४.१ कोटी धरलेला दिसेल, आणि ‘मध्य कॅम्ब्रियन’ची जुनी सीमा आजच्या मियाओलिंगियनशी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही आधी बदलून घ्या.

तक्ता काढताना जीवाश्माची रेषा सलग, समस्थानिकांची तुटक, आणि झिरकॉनचं वय नुसत्या वर दाखवणाऱ्या बाणाने दाखवा. पुरावा नसलेल्या मधल्या भागात रेषा ओढूच नका, कोरं ठेवा. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मीटरच्या आकड्यासह जपून ठेवा, म्हणजे पुढचं कुणी त्याच थरावर पुन्हा बोट ठेवू शकेल.