नवी नोकरी, घर आणि नाटक, तिन्ही सांभाळायचं तर आधी तारखा मांडा

नवीन नोकरी लागली की घरचे म्हणतात आता नाटक-बिटक पुरे, आणि हौशी नाटकाच्या ग्रुपमधले म्हणतात अरे रोज दोनच तास तर यायचंय. मला दोन्ही पटत नाही. नाटक सोडायची गरज नसते, पण "दोनच तास" हेही खरं नसतं, कारण नाटकाला लागणारा वेळ रोज सारखा नसतो. सुरुवातीला वाचनं असतात तेव्हा आठवड्यातून तीनदा गेलात तरी भागतं, मग हालचाली बसवायच्या, मग रन थ्रू म्हणजे अख्खं नाटक न थांबता करून बघणं, आणि प्रयोगाआधीचे दोन-तीन आठवडे मात्र रोज रात्री साडेदहा-अकरा, त्यात रंगीत तालीम वेगळीच. म्हणून भूमिकेला हो म्हणायच्या आधी तारखा मांडा.

घरातलं कालनिर्णय घ्या आणि पेनानं खुणा करा, मोबाईलमधल्या कॅलेंडरवर नको, ते घरात तुमच्याशिवाय कोणी बघत नाही. आपल्याकडे हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे तालमींचा जोर नेमका दिवाळीच्या आगेमागे. घरात सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. तर दिग्दर्शकाला पहिल्या वाचनालाच सांगून टाका की लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज या दिवशी मी येणार नाही, बाकी दिवाळीत बोलवाल तेव्हा हजर. आधी सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही, आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला की मात्र वीस लोकांची तालीम अडते आणि ते चुकीचंच आहे. घरी पण तसंच, "दिवाळीनंतर बघू" असं मोघम नको, "भाऊबीजेला दिवसभर मी घरात, दुसऱ्या दिवसापासून प्रयोगापर्यंत संध्याकाळी नाही" असं स्पष्ट सांगा. घरच्यांना तालमीपेक्षा नक्की काहीच माहीत नसल्याचा जास्त त्रास होतो.

आता नोकरी. जॉईन व्हायच्या आधी दोन गोष्टी एचआरला विचारूनच घ्या, शिफ्ट फिरती आहे का आणि प्रोबेशनमध्ये रजेचं काय. आपल्या नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा जवळच्या सिन्नरला कंपनीत लागलात आणि शिफ्ट फिरती असली तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तालीम विसरा, सुटेपर्यंत हॉलला कुलूप लागलेलं असतं. जनरल असेल तर संध्याकाळ मोकळी, पण अंबडहून निघून गंगापूर रोडला तालमीला सातला पोचायचं म्हणजे ट्रॅफिकचा अर्धा तास जास्तीचा धरायचा, आणि नाशिक रोडहून येणार असाल तर द्वारका चौकातल्या ट्रॅफिकचा वेगळा धरा.

अजून एक, इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी शनिवारी असते आणि पोरांच्या शाळेला रविवारी. ऐकायला गैरसोय वाटते पण नाटकवाल्यांना त्याचा फायदा करून घेता येतो. शनिवारी पोरं शाळेत असतील तेवढ्या वेळात पाठांतर, बँकेची कामं, नेपथ्याचं सामान बघणं हे उरकून टाका. मग रविवारी कंपनीतून आल्यावरची संध्याकाळ घरच्यांची, त्या दिवशी तालीम घ्यायचीच नाही असं ठरवा. ऑफिसवाल्यांना शनिवार-रविवार दोन्ही मोकळे असतील तर त्यांनी रविवारची सकाळ घराला द्यावी, सगळे मिळून मिसळ खाऊन या, सोमेश्वरच्या देवळाकडे चक्कर मारा, आणि चारनंतर तालमीला जा.

साहेबांना नाटकाचं कधी सांगायचं? माझं मत, पहिल्या आठवड्यात नको आणि प्रयोगाच्या तोंडावर तर अजिबात नको. काम थोडं हातात बसलं की सरळ बोला, "सर, मी हौशी नाटकात काम करते, अमुक तारखेला प्रयोग आहे, त्या दिवशी एक रजा लागेल, माझं काम आदल्या दिवशी पूर्ण करून जाईन." बस एवढंच. खोटं आजारपण काढू नका हो, प्रयोगाचे फोटो त्याच रात्री सगळीकडे फिरतात आणि नव्या जागी विश्वास एकदा गेला की परत मिळवायला फार काळ लागतो. रजा पूर्ण दिवसाचीच मागा. प्रयोग सायखेडकर नाट्यगृहात असो की कालिदास कलामंदिरात, सेट लावणं, लाइट, मग रंगभूषा यात दिवस जातो, हाफ डे घेऊन धावत पोचलेला नट विंगेत आधीच दमलेला असतो.

भूमिका किती मोठी घ्यायची हा सगळ्यात नाजूक प्रश्न. प्रोबेशन चालू असताना मुख्य भूमिका घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते, दोन-तीन प्रवेशांची घ्या किंवा संगीत, प्रकाशयोजना, रंगमंच व्यवस्था यातलं काहीतरी घ्या. त्यात कमीपणा काही नाही, म्युझिक ऑपरेट करणाऱ्याचा एक क्यू, म्हणजे संगीत सुरू करायची नेमकी खूण, चुकला तर अख्खा प्रवेश पडतो. शिवाय पडद्यामागच्यांची रोजची हजेरी शेवटच्या टप्प्यातच लागते. आणि दिग्दर्शकाकडे प्रवेशवार तालमीचा आग्रह धरा, कोणाला किती वाजता बोलावलंय हे आदल्या दिवशी ग्रुपवर आलं पाहिजे. सगळ्यांना सातला बोलवायचं आणि नऊपर्यंत चहा पीत बसवायचं ही सवय मोडली तरच नोकरीवाले टिकतात.

पाठांतरासाठी समोरच्याचे संवाद मोबाईलवर रेकॉर्ड करा, मधे तुमच्या वाक्यापुरती जागा मोकळी सोडा, आणि कंपनीच्या बसमध्ये कानात लावून तोंडातल्या तोंडात म्हणत जा. गाडी चालवताना नको. घरात एखाद्याला हौस असेल तर प्रॉम्प्टिंगला, म्हणजे वही धरून विसरलेलं वाक्य सांगायला बसवा, पोरं तर हे फार आवडीनं करतात आणि एक अक्षर सोडलं तरी पकडतात, पण जेवायच्या ताटावर वही आणायची नाही, तो अर्धा-पाऊण तास घरच्यांचा.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे उठायचं असतं, तेव्हा तालमीतून रात्री साडेनऊला निघणार हे आधीच सांगून ठेवा आणि तुमचे प्रवेश पहिले घ्यायला लावा. मशीनवर काम असेल तर झोपेशी तडजोड करूच नका, तालीम बुडली तरी चालेल. शिफ्ट अचानक बदलली तर कळल्याबरोबर दिग्दर्शकाला मेसेज नाही, फोन करा, म्हणजे त्या दिवशी तुमच्या जागी कोणाला तरी उभं करून बाकीच्यांची तालीम होते, आणि घरीही तेव्हाच कळवा, कारण त्या संध्याकाळी पोरांना क्लासला कोण सोडणार हे त्यांनाही ठरवायचं असतं.