कार्ड आणायला सांगितलंत का?

वाडीवर आरोग्य-पोषण दिवस घेताय ना? मग मंडप-चटया नंतर. आधी फोन उचला आणि एकेका आईला सांगा, लशींच्या नोंदी असतात ते माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन ये. गेल्या खेपेला मी नाचणीच्या लाडवांपर्यंत सगळं केलं आणि नेमकं हेच विसरले. नर्सबाई लशींची पेटी उघडून बसलेल्या, समोर अकरा बाया पोरं कडेवर घेऊन, आणि कार्डं तीन. हिला दीड महिन्याची लस झाली की अडीच महिन्यांचीही? आईला आठवेना. सासू म्हणाली, दोन्ही मांड्यांवर टोचलं होतं. तेवढ्यावर कोण सुई लावणार? बहुतेकजणी तशाच परत गेल्या.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी देवगडला जाते, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की मालवणला येते. लशींच्या नोंदी तिकडच्या उपकेंद्रात, आणि कार्ड? "म्हायेराकच रवला." म्हणून आदल्या दिवशी सांगून भागत नाही. आठ दिवस आधी सांगा, म्हणजे कोणीतरी एसटीने आणून देईल. नाहीच जमलं तर दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, पण सगळी पानं, नुसतं बाळाच्या नावाचं नको.

वेळ दुपारी तीननंतरची. सकाळी जेटीवर मासळीचा लिलाव, मग टोपली घेऊन बाजार. अकराला बोलावलंत तर फक्त म्हाताऱ्या येतील. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद, बाया घरी सापडतात, पण घरात पैसाही नसतो. अंगणवाडीचा घरपोच आहार कोणाचा राहिलाय ते तेव्हा तरी मुद्दाम विचारा.

चिरेखाणीवरच्या आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतल्या बायांना निरोप पोचतच नाही. कोणी सांगतच नाही त्यांना. स्वतः जा. आधारवर पत्ता बाहेरचा आहे म्हणून कोणाला परत पाठवू नका. आणि हो, त्यांनाही कार्डाचं सांगा. पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली जपून ठेवलेलं असतं, आपल्यापेक्षा बरं.

वजनकाटा शून्यावर आहे ना बघा. दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिन्यांपुढच्या मुलांना. 11.5 सेंमीच्या खाली आलं तर "पुढच्या महिन्यात बघू" नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. दोन्ही पावलांवर सूज असेल तर दंड जाड दिसला तरी तेच. सुजेने पोर गुटगुटीत दिसतं, आजी खूश असते, फसू नका.

मातृवंदना, म्हणजे बाळंतपणासाठी आईला सरकारी पैसे मिळतात ती योजना, तिच्यासाठी पासबुक आईचं स्वतःचं. नवऱ्याचं चालत नाही. पहिल्या बाळाला 5000 रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर 6000. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आई जुनं पासबुक बघत बसते आणि आपल्याला शिव्या घालते. बँकेत एकदा विचारून घ्यायला लावा.

पाणी, सावली, चटई, ठीक. लाडू उरतातच.

आदल्या दिवशी परत फोन, कार्डासाठीच. नोंदी कार्यक्रमाच्याच संध्याकाळी. न आलेल्यांची नावं वेगळ्या कागदावर, आणि प्रत्येकीपुढे लिहा: कार्ड घरात, माहेरी, की हरवलं.