गाण्याची फाइल पुढे देण्यापूर्वी काय तपासावे

गाण्याची फाइल आपल्याकडे कुठून आली, यापेक्षा ती आपल्याकडून पुढे कुणाकडे जाते, हा प्रश्न आजवर अधिक महागात पडलेला आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सप्टेंबर २००३ मध्ये २६१ व्यक्तींवर एकदम खटले भरले, तेव्हा त्यांचा रोख गाणी उतरवून घेणाऱ्यांपेक्षा ती इतरांसाठी खुली ठेवणाऱ्यांवर होता. काझासारख्या, फाइली आपसांत वाटण्याच्या प्रोग्रॅममध्ये उतरवलेल्या फाइली ज्या फोल्डरमध्ये साठत, तोच फोल्डर मूळ सेटिंगनुसार इतरांनाही खुला असे, आणि ही गोष्ट वापरणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही. मिनेसोटातील एका महिलेला अवघ्या २४ गाण्यांबद्दल ज्युरीने २००७ मध्ये २,२२,००० डॉलर भरपाई देण्यास सांगितले. फेरसुनावणीत तो आकडा १९,२०,००० डॉलरवर गेला आणि अखेर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा २,२२,००० वर आणून ठेवला. गाणी उतरवणे निर्धोक आहे, असा याचा अर्थ नाही; मात्र तपासणीची सुरुवात ‘पुढे देणे’ या टोकापासून करावी, हे यावरून स्पष्ट होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की एका गाण्यावर सहसा दोन स्वतंत्र हक्क असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. बहुतेक गफलती इथेच होतात. बेथोव्हेन १८२७ मध्ये वारला, त्याच्या सिंफनींवर आज कुणाचाही हक्क नाही. परंतु एखाद्या वाद्यवृंदाने दहा वर्षांपूर्वी मुद्रित केलेली तीच सिंफनी पूर्णपणे संरक्षित असते. अल्बमच्या वेष्टनावर किंवा माहितीपानावर वर्तुळातील ‘पी’ दिसतो, त्यापुढील वर्ष आणि नाव ध्वनिमुद्रणाच्या हक्काचे असते, तर वर्तुळातील ‘सी’ मजकूर, मुखपृष्ठ यांसारख्या इतर बाबींसाठी असतो. हक्काची मुदत देशागणिक बदलते. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी हक्कमुक्त झाली, तर युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. त्यामुळे ‘गाणे जुने आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. चाल कधीची, मुद्रण कधीचे आणि फाइल कोणत्या देशात दिली जाणार, असे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

गाणे विकत घेतले असेल तरी पुढे देण्याची मुभा त्यासोबत मिळत नाही. २००७ मध्ये आयट्यून्स या अ‍ॅपलच्या संगीत-दुकानाने गाण्यांवरील डिजिटल कुलूप (नक्कल रोखणारी तांत्रिक सोय) काढण्यास सुरुवात केली, तेव्हा फाइल कुठेही वाजू लागली, पण हक्क होते तिथेच राहिले. कुलूप नसलेल्या अशा फाइलींमध्ये खरेदीदाराचे नाव आणि ईमेल नोंदलेले असल्याचे २००७ मध्येच उघड झाले होते. (कुलपांचा इतिहास उद्योगालाही फारसा भूषणावह नाही: २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकावर लपून बसणारे सॉफ्टवेअर बसवत असल्याचे आढळले आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या.)

मुक्त परवान्याचे संगीत देताना परवान्याचे नाव नव्हे, त्यातील अक्षरे वाचावीत. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सर्वांना आधीच दिलेली परवानगी, डिसेंबर २००२ पासून प्रचारात आहेत. ‘बीवाय’ म्हणजे निर्मात्याचा उल्लेख आवश्यक, ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही, ‘एसए’ म्हणजे फेरफार केलेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी लागेल आणि ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेली कृती प्रसृत करता येणार नाही. यातील शेवटचे अक्षर फसवे आहे. गाण्याला कात्री लावली नाही, नुसते चित्रफितीखाली जोडले, तरी चित्राच्या हालचालीशी संगीत जुळवणे हाच या परवान्यांच्या मजकुरानुसार फेरफार ठरतो. म्हणून ‘एनडी’ असलेली धून मूळ स्वरूपात मित्राला खुशाल पाठवता येते, पण व्हिडिओला पार्श्वसंगीत म्हणून लावून प्रसिद्ध करता येत नाही. फाइल उतरवतानाच परवान्याचे पान, निर्मात्याचे नाव आणि तारीख यांची प्रत फाइलशेजारी साठवून ठेवावी, कारण ते पान पुढे नाहीसे होऊ शकते.

आता साधनाकडे वळू. नॅपस्टर या गाणी-वाटपाच्या सेवेकडे फाइलींची मध्यवर्ती यादी होती, त्यामुळे न्यायालयाचा आदेश आल्यावर जुलै २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. बिटटोरंट, जे त्याच वर्षी आले, फाइलीचे तुकडे करते आणि जो घेतो त्यालाच देणाराही बनवते. टोरंट क्लायंटमध्ये (बिटटोरंट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एखादी फाइल निवडून ‘पीअर्स’ हा टॅब उघडावा: तिथे प्रत्येक सहभागीचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आणि वेग ओळीने दिसतो. जे आपल्याला दिसते, तेच हक्कधारकांच्या वतीने त्या समूहात शिरलेल्यालाही दिसते, आणि त्या पत्त्यावरूनच इंटरनेट सेवादात्यामार्फत नोटीस येते. फाइल निम्मीच उतरलेली असली तरी हाती आलेले तुकडे तोवर इतरांकडे जाऊ लागलेले असतात. अपलोडच्या मर्यादेत शून्य भरून स्वतःला सुरक्षित समजू नये. अनेक क्लायंटमध्ये शून्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’ असा होतो. परवानगी असलेल्या संगीतासाठी मात्र हेच साधन उत्तम आहे, आणि त्याला विनाकारण बदनाम करण्यात अर्थ नाही.

चुकून काही दिले गेले आणि नोटीस आली, तर ती वाचून कोणती फाइल आणि कोणती वेळ नमूद आहे ते पाहावे, ती फाइल क्लायंटमधून काढावी (नुसती थांबवून ठेवू नये) आणि वायफाय आणखी कोण वापरते याची चौकशी करावी.

उलट प्रसंगही येतो. आपणच पियानोवर वाजवलेली, हक्कमुक्त चालीची फाइल स्वयंचलित तपासणीत दुसऱ्या कुणाच्या मुद्रणाशी जुळल्याचे सांगून हटवली जाते. अशा वेळी चाल हक्कमुक्त आहे आणि मुद्रण स्वतःचे आहे, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहाव्यात. तक्रारदाराचा दावा यांपैकी कोणत्या हक्काविषयी आहे, हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटविषयक कायद्याखाली फाइल हटवली असेल, तर प्रतिसूचना (फाइल चुकून हटवल्याचे सेवेला दिलेले लेखी निवेदन) देता येते. ती मिळाल्यावर तक्रारदाराने न्यायालयात धाव घेतली नाही, तर सेवेने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फाइल पूर्ववत करायची असते. प्रतिसूचनेत खोटे विधान केल्यास शपथभंगाची जबाबदारी येते, म्हणून मूळ मुद्रणाचा प्रकल्प, न कापलेला ध्वनी आणि तारखा हाताशी असल्याखेरीज ती पाठवू नये.