इंग्लंडमध्ये ट्रेनी सॉलिसिटर व्हायचंय? अर्ज भरण्याआधी हे वाचा

भारतातली सनद हातात असेल, तर ट्रेनिंग काँट्रॅक्टच्या (फर्ममधल्या प्रशिक्षणाच्या नोकरीच्या) मागे लागण्याआधी जरा थांबा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंद असलेला वकील इथे 'क्वालिफाइड लॉयर' धरला जातो. त्याला एसक्यूई या सॉलिसिटर होण्याच्या परीक्षेचे दोन्ही टप्पे द्यावे लागतात, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव, म्हणजे क्यूडब्ल्यूई, दाखवावा लागत नाही. नुसती एलएलबी असेल तर तो लागतोच. ट्रेनिंग काँट्रॅक्ट हा तो मिळवायचा एक मार्ग. पॅरालीगल (वकिलाचा सहायक) किंवा लॉ क्लिनिकमधलं (मोफत कायदा सल्ला केंद्रातलं) कामही चालतं, जास्तीत जास्त चार ठिकाणचं. भारतातलं कामसुद्धा धरता येतं, फक्त त्यावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची सही हवी. मुंबईच्या सॉलिसिटर परीक्षेसाठी केलेली आर्टिकलशिप (उमेदवारी) या सहीपाशीच अडकते. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. आणि घरचे 'बॅरिस्टर कधी होणार' विचारत असतील, तर तो रस्ताच निराळा!)

एसक्यूई-१ म्हणजे दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. दोन्ही टप्प्यांची परीक्षा फी मिळून पाच हजार पौंडांच्या घरात जाते, क्लासचे पैसे वेगळे. मोठ्या फर्म निवडलेल्या ट्रेनींचा हा खर्च स्वतः उचलतात. त्यामुळे अशा फर्मकडे अर्ज करणार असाल, तर आधीच स्वतःच्या खिशातून परीक्षेला बसायची घाई नको.

एलएलएमला आलेली बहुतेक मुलं वेळापत्रकात मार खातात. मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं पुढच्या जागा भरतात. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात, स्प्रिंग आणि समर व्हॅकेशन स्कीमचे (फर्ममधल्या छोट्या इंटर्नशिपचे) बरेचसे डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. कित्येक फर्म अर्ज येतील तसे वाचतात, म्हणजे शेवटच्या तारखेपर्यंत जागा उरलेल्या असतीलच असं नाही. खोली, बँक खातं, थंडीचे कपडे यातून डोकं वर काढेपर्यंत नाताळ येतो. पाच-सहा फर्मची यादी भारतातूनच करून निघा.

समर स्कीममध्ये एक खाच आहे. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि वर्षभराच्या मास्टर्सचा उन्हाळा, डिझर्टेशन चालू असल्याने, टर्ममध्येच मोजला जातो. जूनमधली पूर्णवेळ स्कीम घेतली तर व्हिसाची अट मोडते. ईस्टरच्या सुट्टीतली स्कीम बघा, किंवा थेट ट्रेनिंग काँट्रॅक्टला अर्ज करा. तारखा विद्यापीठाच्या व्हिसा ऑफिसकडून लेखी घ्या.

पुढचं गणित पगाराचं. फर्मने स्पॉन्सर केल्यावर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून साधारण कमीत कमी ४१,७०० पौंड पगार लागतो, 'न्यू एन्ट्रंट'ला, म्हणजे करिअरच्या सुरुवातीला असलेल्याला, कमीत कमी ३३,४००. ही सवलत एकूण चार वर्षांपुरती, आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा (शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायच्या व्हिसावरचा) काळही त्यातच धरतात. दोन वर्षं पॅरालीगल आणि दोन वर्षं ट्रेनिंग झालं की ती संपली. लंडनच्या 'सिटी'तल्या मोठ्या फर्मना याने फरक पडत नाही. पण लॉ सोसायटीने (सॉलिसिटरांच्या संघटनेने) सुचवलेला ट्रेनीचा किमान पगार ३३,४०० च्या खाली आहे, त्यामुळे हॅरो-वेम्बली-लेस्टर अशा भारतीय वस्तीतल्या छोट्या फर्मने मनापासून हो म्हटलं, तरी स्पॉन्सरशिप अडू शकते. शिवाय १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा १८ महिन्यांचाच मिळेल. लायसन्सधारक स्पॉन्सरची सरकारी यादी जरूर बघा, पण यादीत नाव आहे म्हणजे फर्म ट्रेनींना स्पॉन्सर करतेच असं नाही. ते एचआरला विचारा. 'स्पॉन्सरशिप लागेल का' या प्रश्नाला खरं तेच उत्तर द्या.

फॉर्ममध्ये प्रत्येक विषयाचे मार्क मागतात. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथे फर्स्ट ७० ला. मनाने रूपांतर करू नका. मूळ टक्के आणि विद्यापीठाची श्रेणी द्या, फर्मने मागितलं तर यूके एनिकचं (परदेशी पदव्यांची तुलना करणाऱ्या संस्थेचं) पत्र जोडा.

कामाचा अनुभव लिहिताना मात्र हात आखडता घेऊ नका. 'प्रॉपर्टीच्या कामात सीनियरना मदत केली' यातून काहीच कळत नाही. '३० वर्षांचे सात-बारा, फेरफार आणि इंडेक्स-टू तपासले, एका वारसाची सही खरेदीखतावर नसल्याचं सापडलं, टायटल रिपोर्टमध्ये तो मुद्दा मांडला' असं लिहा. सात-बारा म्हणजे महसुली जमीन नोंद, हे तिथेच चार शब्दांत सांगा. 'आमचीच फर्म का' या उत्तराची कसोटी सोपी आहे: फर्मचं नाव बदलूनही परिच्छेद चालत असेल, तर तो फाडा.

मोठ्या फर्म घेतात त्या वॉटसन-ग्लेझर या तर्कशक्तीच्या चाचणीत ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात. हुशार मुलं 'इन्फरन्स', म्हणजे निष्कर्षाच्या भागात चुकतात, कारण उताऱ्यात नसलेलं स्वतःचं ज्ञान ती वापरतात. उताऱ्यात पुरेसा आधार नसेल, तर 'माहिती अपुरी' हेच उत्तर, तुम्हाला खरं काय ते ठाऊक असलं तरी.

छोट्या फर्ममध्ये चाचण्यांचं प्रस्थ नसतं. तिथे पार्टनरच्या नावाने एका पानाचं पत्र आणि दोन पानांचा सीव्ही पाठवा, कामापुरती हिंदी-गुजराती येत असेल तर तेही लिहा. क्यूडब्ल्यूईच्या सहीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथून निघा. आणि कामाची नोंद दर आठवड्याला लिहा, ती तीन-चार महिन्यांनी सुपरवायझरकडून तपासून घ्या. दोन वर्षांत सुपरवायझर नोकरी बदलतात आणि मग सहीसाठी त्यांना शोधत फिरावं लागतं.